प्रिय मंद्या, स्विच २ आणि त्याची किंमत

पुणे, ५ एप्रिल २०२५

प्रिय मंद्या,

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला निंटेन्डोचा डायरेक्ट (नव्या घोषणांचा त्यांचा ऑनलाइन कार्यक्रम) सुरू झाला आणि त्यात नवा गेम-कन्सोल स्विच २ दाखवला, म्हणजे तुझ्याकडे न्यू जर्सीत सकाळचे नऊ. ऑफिसचा लॅपटॉप उघडून तू दुसरं काही करत असशील यावर माझा विश्वास नाही. फोनवर हा विषय निघाला की तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहूनच काढतो.

स्क्रीन ७.९ इंच, १०८० पी, टीव्हीला जोडलं की फोर-के, स्टोरेज ३२ जीबीवरून २५६. पहिल्या स्विचनंतर आठ वर्षांनी एवढं तर यायलाच हवं होतं. मी खरा उडालो तो जॉय-कॉन, म्हणजे बाजूला लावायचा कंट्रोलर, बघून. रुळात सरकवायची भानगड संपली, आता लोहचुंबकाने खटकन बसतो. आणि तोच सुटा काढून कडेवर उभा धरून टेबलावर फिरवला की झाला माउस! ‘ड्रॅग एक्स ड्राइव्ह’मध्ये तर दोन्ही हातांत दोन माउस घेऊन व्हीलचेअरवरचं बास्केटबॉल खेळायचं. असला चक्रमपणा निंटेन्डोच्या क्योतोवाल्यांनीच करावा.

आणि ती गाय! इतकी वर्षं मारिओ कार्टच्या ‘मू मू मेडोज’ ट्रॅकवर मधेच आडवी येणारी गाय आता नव्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’मध्ये स्वतः गाडी हाणतेय. २४ जणांची शर्यत, शिवाय एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर रस्त्यानेच जायचं. ‘एल्डन रिंग’वाल्या मियाझाकींचा ‘डस्कब्लड्स’ हा गेमही फक्त स्विच २ वर येणार, पण तो २०२६ मध्ये. तोवर गाय पुरे.

आता मुद्द्याचं. तासभर सगळं दाखवलं, पण किमतीबद्दल चकार शब्द नाही. कार्यक्रम संपल्यावर आकडे गुपचूप बाहेर आले: मशीन ४५० डॉलर, मारिओ कार्टसकट ५००, नुसता गेम ८०. एका गेमला जवळजवळ सात हजार रुपये, मंद्या! दुसऱ्या दिवशी निंटेन्डोने ‘ट्रीहाउस’ लाइव्हमध्ये गेम खेळून दाखवले, तर चॅटमध्ये लोक ‘किंमत कमी करा’ म्हणून नुसते ओरडत होते. सगळंच महागलंय, हे मला कळतं. पण मग कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगा की! २०११ मध्ये त्यांचा हातात धरून खेळायचा थ्रीडीएस २५० डॉलरला खपेना, तेव्हा काही महिन्यांतच तो १७० वर आणला, आधी घेतलेल्यांना २० जुने गेम फुकट दिले, आणि तेव्हाचे अध्यक्ष इवातांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. त्याच कंपनीने यंदा नव्या मशीनची ओळख करून देणाऱ्या ‘वेलकम टूर’चे १० डॉलर लावलेत. म्हणजे पाहुण्याला घर दाखवायचं आणि दारात तिकीट फाडायचं. सोनीने पीएस-५ सोबत असाच ओळखीचा गेम ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ आधीपासून भरून दिला होता, तोही फुकट.

कंट्रोलरवरचं ते नवं सी बटण मात्र आपल्यासाठीच केलंय. दाबलं की गेम-चॅट, म्हणजे खेळता खेळता गप्पा, माइक मशीनमध्येच, आणि समोरच्याचा स्क्रीनही दिसतो. डायरेक्टमध्ये तो लहान चौकोनातला व्हिडिओ अडखळत होता, पण आपल्याला शिव्या द्यायला आवाज पुरे. मार्च २०२६ पर्यंत फुकट आहे, पुढे सबस्क्रिप्शन. तोवर तुला हरवून घेतो.

तुमच्या ट्रम्प तात्यांनी डायरेक्टच्याच दिवशी टॅरिफ जाहीर केलं आणि तुमचं ९ तारखेचं बुकिंग लांबलं, हे काल वाचलं. जपानात ४९,९८० येनला मिळतंय, म्हणजे साधारण २९ हजार रुपयांना, पण भाषा फक्त जपानी आणि अकाउंटही जपानचंच लागतं. इथे निंटेन्डो अधिकृतपणे विकतच नाही, दुकानदार सांगेल तो भाव. तेव्हा तूच आधार.

बुकिंग उघडलं की मारिओ कार्टचं बंडल उचल, वेगळा गेम घेण्यापेक्षा ३० डॉलर वाचतात. ५ जूनला बाजारात आल्या आल्या नाही मिळालं तरी चालेल, दिवाळीला येताना आण. पैसे काकूंकडे नेऊन देतो. आणि ‘वेलकम टूर’ विकत घेतलीस तर माझ्याशी बोलू नकोस.

तुझा,
निख्या