बाई, आम्हाला नेमकं काम दिलंत त्याबद्दल थँक्यू

प्रिय बाई,

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही आम्हा पालकांसाठी जे केलंत ते बाकीच्या शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी पण वाचावं असं मला मनापासून वाटतं.

वर्ष नुकतंच सुरू झालं होतं आणि तुमचा फोन आला. शाळेतून फोन म्हणजे एकतर ताप नाहीतर तक्रार, हे पालकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून मी उचलल्या उचलल्या काय झालं असंच विचारलं. तुम्ही म्हणालात काही झालं नाहीये, तुमच्या लेकीबद्दल मला काय माहीत असायला हवं तेवढं सांगा. मग मी सांगतच सुटले, तिला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची धास्ती आहे, उत्तर चुकलं की कागद फाटेपर्यंत खोडत बसते, आणि एखादी गोष्ट आवडली की दिवसभर तेच. तुम्ही शांतपणे ऐकलंत, मधेमधे प्रश्न विचारलेत. पाच-दहा मिनिटांचा तो फोन, पण त्यानंतर तुम्ही तिच्याबद्दल जे काही सांगितलंत ते मला टोचलं नाही, कारण तुम्ही आधी तिला समजून घेतलं होतं हे मला माहीत होतं.

पालकांनी मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे, ही सूचना तर आपण सगळ्यांनीच वाचलेली आहे. पण द्यायचं म्हणजे करायचं काय? शेजारी बसायचं, ओरडायचं, उत्तरं सांगायची, क्लास लावायचा? जे दिवसभर काम करून थकून घरी येतात त्यांनी नेमकं काय करावं हे कुणी सांगतच नाही, आणि मग म्हणायचं पालकांना इंटरेस्टच नाही. तुम्ही दर आठवड्याला एक मेसेज पाठवायचात, अगदी एक-दोन ओळींचा. या आठवड्यात अपूर्णांकांची तुलना चालू आहे, तिला विचारा एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश आणि चित्र काढून दाखवायला सांगा. बास. हे मला जमण्यासारखं होतं, काम करता करता पण विचारता येत होतं, आणि लेक काय शिकतेय ते मला परीक्षेच्या आधी कळत होतं.

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं तेव्हा कळलं की यावर चांगला अभ्यास झालाय. अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स या दोघांनी हायस्कूलमध्ये नापास झालेल्या मुलांच्या उन्हाळी वर्गात हे करून बघितलं, शिक्षकांकडून दर आठवड्याला पालकांना एका वाक्याचा निरोप, बाकी काही नाही. २०१५ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधात आकडे आहेत, ज्यांच्या घरी निरोप गेले नाहीत त्यांच्यात १५.८ टक्के मुलांचा विषय सुटला नाही, आणि ज्यांच्या घरी गेले त्यांच्यात हे प्रमाण ९.३ टक्क्यांवर आलं, मुख्यतः मधेच वर्ग सोडून जाणारी मुलं कमी झाल्यामुळे. आणि त्यातही मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे, की नुसतं कौतुक करणाऱ्या निरोपांपेक्षा कुठे सुधारणा हवी ते सांगणाऱ्या निरोपांचा परिणाम मोठा दिसला. म्हणजे पालकांना गोड गोड ऐकायचंय म्हणून शाळेने खरं लपवायची काहीच गरज नाही. फक्त ते खरं वेळेवर आणि स्पष्ट सांगा, आणि त्यावर घरी काय करता येईल ते पण सांगा. तुमचा तो पहिला फोन आला होता म्हणून तुमचं असं खरं आम्हाला पचलं, हे माझं मत.

होमवर्कचं तर तुम्ही माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरवलंत. उत्तर सांगू नका, फक्त तीन गोष्टी विचारा असं सांगितलंत, गणितात काय विचारलंय, तुला यातलं काय काय येतं, आणि नेमकं कुठे अडलं. तरी सुटलं नाही तर वहीत तिथेच खूण करून झोपू दे, मी वर्गात बघेन. त्या शेवटच्या वाक्याने घरातली रडारड थांबली. आणि मुलांसमोर मला पण गणित कधी जमलं नाही असं म्हणू नका हे तुम्ही फार कळकळीने सांगितलं होतंत. पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास आहे, तोही २०१५ चाच, त्यात असं दिसलं की ज्या पालकांना स्वतःला गणिताची भीती आहे ते गृहपाठात वारंवार मदत करत असतील तर त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि मुलांची भीतीही वाढली. भीती असलेले पालक अशी वारंवार मदत करत नव्हते तिथे असं दिसलं नाही. म्हणजे मदत करा एवढंच सांगून शाळेचं काम संपत नाही, कशी करायची ते दाखवावं लागतं, आणि तुम्ही ते दाखवलंत.

आता त्या आजींबद्दल लिहिते, नाव घेत नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, नातवाचं सगळं त्याच बघतात, आणि शाळेच्या मीटिंगला त्या कधी यायच्याच नाहीत. तुम्ही त्यांना लेखी मेसेजऐवजी व्हॉइस मेसेज पाठवायला लागलात, आणि काम दिलंत ते असं की रोज नातवाला एक पान मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही ऐका, आणि मग त्याला विचारा पुढे काय होईल असं तुला वाटतं. आणि त्यांना माहीत असलेल्या गोष्टी त्यांच्याच भाषेत नातवाला सांगायच्या, घरची भाषा चांगली पक्की झाली की शाळेच्या भाषेलाही तिचाच आधार मिळतो, हे तुम्ही त्यांना समजावलंत. पुढच्या मीटिंगला त्या पहिल्या रांगेत होत्या. शिकलेले पालकच मुलांना मदत करू शकतात असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या आजींशी एकदा बोलावं खरंच.

मीटिंगचं पण सांगायलाच हवं. दोन वेगवेगळ्या वेळा ठेवल्यात, एक सकाळी एक संध्याकाळी, धाकट्या भावंडांना आणलं तर चालेल हे आधीच कळवलंत, निरोप आई आणि बाबा दोघांच्या नंबरवर गेला त्यामुळे बाबा लोक पण यायला लागले. सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवणं नाही. मुलांनीच आपापली वही उघडून आम्हाला दाखवलं हे मला येतं, हे अजून जमत नाही, यासाठी मला मदत हवी. मोठ्याने वाचायला घाबरणारी माझी मुलगी माझ्यासमोर बसून स्वतःच्या अभ्यासाबद्दल बोलत होती, मी ऐकत होते, त्यावर अजून काही लिहिता येत नाहीये. जे पालक आले नाहीत त्यांच्याबद्दल तुम्ही एक शब्द वाईट बोलला नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केलात.

मुख्याध्यापक मॅडमचे पण आभार, कारण या फोनसाठी त्यांनी तुमच्या वेळापत्रकात तास मोकळे ठेवले असं तुम्हीच म्हणालात. हे फार मोठं आहे. शिक्षकांनी हे सगळं घरी गेल्यावर स्वतःच्या वेळात करावं अशी अपेक्षा ठेवली तर दोन महिन्यांत बंद पडेल, आणि त्यात दोष शिक्षकांचा नसेल. ज्या शाळांना पालक जोडून घ्यायचेत त्यांनी आधी शिक्षकांना वेळ द्यावा एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

पुढच्या वर्षी लेक वरच्या वर्गात जाईल. तुम्ही तिच्याबद्दल जे टिपून ठेवलंय ते नव्या बाईंना द्याल ना? आणि तुमच्या वर्गात जे नवे पालक येतील त्यांच्यापैकी कुणाला काही विचारायचं असेल, बिचकत असतील, तर माझा नंबर त्यांना बिनधास्त द्या, संध्याकाळी मी मोकळी असते.

तुमच्या वर्गातल्या एका मुलीची आई