सूचना : नांदूर मध्यमेश्वर पक्षीनिरीक्षण सहल

ज्येष्ठ निवास संकुलातील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात सहल जाणार असून, बस पहाटे ५.३० वाजता मुख्य प्रवेशद्वारापासून निघेल. गोदावरी व कादवा नद्यांच्या संगमाजवळील ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली आणि हिवाळ्यात तेथे स्थलांतरित बदकांचे थवे उतरतात. ऊन चढल्यावर ते दूर सरकतात, म्हणूनच हा पहाटेचा खटाटोप. भडक कपडे टाळावेत. कानटोपी, नेहमीची औषधे आणि गरजेनुसार काठी सोबत घ्यावी. दुर्बिणी चारच असल्याने त्या आळीपाळीने वापराव्यात (मागील वेळची कुरबुर पुन्हा नको). नावे गुरुवारपर्यंत कार्यालयात नोंदवावीत. रविवारचा सुलेखन वर्ग सोमवारी होईल.

– छंद समिती