वेबच्या मानकांत वरातीमागून घोडे

महोदय,
वेबची मानके ठरवणाऱ्या समित्यांवर संथपणाचा आरोप नेहमी होतो. मला तो गौण वाटतो. पानांचे रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस २.१ या मानकावर अंतिम शिक्का २०११ मध्ये बसला, पण ब्राउझरांत ते त्याआधीच रुळले होते. खरी अडचण अशी, की जे रोज वेबपाने बनवतात त्यांचे मत मसुदा जवळपास पक्का झाल्यावर मागवले जाते.

‘डब्ल्यूथ्रीसी’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या गटाने, वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या जागी आणायचे एक्सएचटीएमएल २ रचताना जुन्या पानांशी सुसंगतीच सोडून दिली. एचटीएमएलच वाढवावे हा मोझिला आणि ऑपेरा या ब्राउझरवाल्यांचा प्रस्ताव २००४ मध्ये फेटाळला गेला. मग ॲपलसह त्यांनी ‘व्हॉटडब्ल्यूजी’ या मानके लिहिणाऱ्या नव्या गटाची वेगळी चूल मांडली आणि २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ गुंडाळावे लागले.

पण नव्या चुलीवरही तेच शिजले. मोबाइलवर छोटा फोटो आणि मोठ्या स्क्रीनवर मोठा फोटो जावा, यासाठी डेव्हलपरांनी डब्ल्यूथ्रीसीच्याच एका खुल्या गटात खपून ‘पिक्चर’ हा टॅग आखला. मे २०१२ मध्ये एका ब्राउझर कंपनीतून याच कामासाठी ‘सोर्ससेट’ या दुसऱ्या सोयीचा प्रस्ताव आला आणि काही दिवसांतच तो व्हॉटडब्ल्यूजीच्या मसुद्यात जाऊन बसला. ज्यांनी महिनोन्महिने डोके लावले ते चिडले, यात नवल काय! आज दोन्ही एकत्र नांदतात. पण ‘पिक्चर’ क्रोमच्या इंजिनात (पान पडद्यावर उभे करणाऱ्या गाभ्यात) यावा म्हणून २०१४ मध्ये चक्क लोकवर्गणी काढावी लागली होती.

‘चर्चा खुली आहे, कुणीही या’ हे ठरलेले उत्तर. कंपनीचा माणूस पगारी वेळात चर्चेला बसतो; फ्रीलान्सरने क्लायंटची डेडलाइन सोडून ते लांबलचक धागे कधी वाचायचे? व्हॉटडब्ल्यूजीत नवी सोय घालायला किमान दोन इंजिनवाल्यांचा पाठिंबा लागतो. नियम चांगलाच आहे. मात्र पाने बनवणाऱ्यांच्या पाठिंब्याची अशी कोणतीच अट नाही, आणि सुकाणू समितीत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला हे चौघेच.

मसुदा गोठवण्याआधी बाहेरच्या डेव्हलपरांना मानधन देऊन त्यावर दोन-चार खऱ्या साइट बनवून घ्याव्यात आणि त्यांच्या प्रत्येक तक्रारीला लेखी उत्तर द्यावे. या चौघांना तो खर्च मुळीच जड नाही.

– एक वेब डेव्हलपर