काम असतं तेव्हा खोली नसते : अंदमानच्या उपराज्यपालांना खुलं पत्र

प्रति,
माननीय उपराज्यपाल,
अंदमान आणि निकोबार बेटे,
लोक निवास, श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर).

विषय : स्वराज द्वीपवर (पूर्वीचं हॅवलॉक) कामाला आलेल्यांच्या राहण्याच्या जागेबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत टपालाने आपल्या कार्यालयाला पाठवली आहे. मराठीत वेगळं लिहिते आहे त्याला कारण आहे. आमचे पाण्याखालचे फोटो बघून "तिकडे काही काम मिळेल का गं?" असं विचारणारं गावाकडचं कुणी ना कुणी आठवड्याला भेटतंच. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावं.

दरवर्षी २०-२२ मेच्या सुमारास महाराष्ट्रात टीव्हीवर पट्टी फिरते, 'मान्सून अंदमानात दाखल'. कराडला माझे बाबा त्या दिवसापासून बियाण्याच्या दुकानात चकरा मारायला लागतात. इथे त्याच बातमीचा अर्थ वेगळा. समुद्र खवळतो, बोटी रद्द व्हायला लागतात, डाइव्ह बंद, गेस्ट नाहीत, आमचा पगार निम्मा. आणि नेमक्या त्याच आठवड्यात भाड्याच्या खोल्या मोकळ्या होतात. ऑक्टोबर उजाडला की उलटं. काम असतं तेव्हा खोली नसते आणि खोली मिळते तेव्हा काम नसतं. तीन वर्षं हेच चाललंय.

आम्ही तिघं आहोत. मी कराडची, एक मैत्रीण चिपळूणची, एक मित्र पुण्याचा, धनकवडीतला. एकाच कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंट केलं. पुण्यात नोकऱ्या होत्या, नाही असं नाही. पण खोलीभाडं, मेस आणि पेट्रोल वजा जाता महिन्याच्या वीस तारखेला घरी फोन करून पैसे मागायची वेळ यायची. इथल्या जाहिरातीत लिहिलं होतं, अठरा हजार पगार, राहणं-जेवण मोफत. तिघांनी एकाच संध्याकाळी ठरवलं. चिपळूणची तर आल्यावर सहा महिन्यांत ट्रे खाली ठेवून डायव्हिंगकडे वळली. आज ती डाइव्हमास्टर आहे. वाशिष्ठीत पोहायला शिकलेली मुलगी दिल्ली-बंगळूरच्या लोकांना अठरा मीटर खाली नेऊन सुखरूप वर आणते. पुण्याचा एका रिसॉर्टच्या किचनमध्ये आहे, मी दुसऱ्या ठिकाणी फ्रंट ऑफिसला.

जाहिरातीतलं 'राहणं' म्हणजे काय ते बोटीतून उतरल्यावर कळलं. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, चार मुली, दोन खाटा. ज्यांची सकाळची पाळी त्यांनी रात्री खाटेवर झोपायचं, ब्रेक शिफ्टवालीने, म्हणजे सकाळ-रात्र काम आणि मधे मोकळीक असलेलीने, दुपारी. संडास अकरा जणांत एक. मालकाला विचारलं तर म्हणाला, "सीझनपुरतं आहे हो, जमवून घ्या." सीझन आठ महिन्यांचा असतो.

म्हणून आम्ही पहिल्याच पावसाळ्यात बाहेर खोली शोधली. विजयनगरला, म्हणजे आमच्या भाषेत नंबर पाचला, एका बंगाली कुटुंबाच्या आवारात ती मिळाली. आपल्याला माहीतच आहे, पण गावाकडच्या वाचकांसाठी सांगते : या बेटावर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५०च्या दशकात वसवलं गेलं. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही गावं त्यांची. पर्यटक किनारे नंबराने ओळखतात, आम्हीही तेच शिकलो. घरमालकीण बाईंना आम्ही मासी म्हणतो. बंगालीत त्याचा उच्चार 'माशी' होतो. पहिला आठवडा आम्ही हसू दाबून त्यांना माशी-माशी म्हणत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, कारण कळल्यावर आमच्यापेक्षा त्याच जास्त हसल्या. त्यांचे सासरे जहाजातून उतरले तेव्हा इथे जंगल होतं. ते तोडून भातखाचरं केली, सुपारी-नारळ लावले. खोलीला भाडं सहा हजार, वीज वेगळी. विहिरीचं पाणी, स्वतंत्र संडास, दाराला आतून कडी. आतून लागणाऱ्या कडीची किंमत काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

ऑक्टोबरच्या शेवटी मासी वाटीत पायेश, म्हणजे बंगाली खीर, घेऊन आल्या. बराच वेळ आमच्या पडद्याच्या रंगाबद्दल बोलत राहिल्या. मग म्हणाल्या, नोव्हेंबरपासून खोली होमस्टेला द्यायची आहे, बुकिंग आलंय. रात्रीचे दोन हजार. तीन रात्रींत आमचं महिन्याचं भाडं निघतं. मुलगी बीएला श्री विजयपुरमला, सुपारीला भाव नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, फक्त पायेश कदाचित नेलं नसतं.

मग आम्ही कुठे गेलो? मी परत त्या चौघींच्या खोलीत. पुण्याचा किचनच्या मागे, कोरड्या मालाच्या गोदामात, कांद्याच्या पोत्यांशेजारी. आणि चिपळूणची डाइव्ह सेंटरच्या सामानाच्या खोलीत. तिथे एका भिंतीला हवा भरायचा कंप्रेसर, दुसऱ्या भिंतीला ओल्या वेटसूटची, म्हणजे पाण्याखाली घालायच्या पोशाखांची, रांग. रात्री साडेआठपर्यंत दुसऱ्या दिवसाच्या डाइव्हच्या हवेच्या टाक्या भरल्या जातात, त्या आवाजात फोनही ऐकू येत नाही. त्यानंतर ती खाली गादी टाकते. वेटसूट रात्रभर ठिबकतात. इथे डिसेंबरात सूर्य पहाटे पाचच्या पुढे वर येतो आणि संध्याकाळी पाचला मावळतो, कारण घड्याळ अलाहाबादच्या बाजूचं आणि बेट ब्रह्मदेशाच्या बाजूचं. त्यामुळे साडेपाचला बोट निघायची तयारी. चारला उठायचं. ज्या बाईच्या हातात सहा अनोळखी माणसांचा श्वास असतो, ती किती तास झोपली हे तपासायचा कागद कुठल्याच फाइलीत नसतो.

थोडं कडू बोलते, माफ करा. सेल्युलर जेल बघायला आमच्या गावाकडचे लोक येतात, तेव्हा मी त्यांना जोडून सुट्टी काढून दाखवायला नेते. गाइड सांगतो, १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं, ६९३ कोठड्या, माणशी एक. दर वेळी सगळे गप्प होतात. मागच्या फेब्रुवारीत मात्र पुण्याचा माझ्या कानात पुटपुटला, "म्हणजे सिंगल ऑक्युपन्सी." मी त्याला चापट मारली. पण हसू आलं, हे खरं.

आता मुद्द्याचं. इथे विधानसभा नाही, त्यामुळे हे पत्र आमदाराला लिहिता येत नाही. विधानसभेच्या कायद्याच्या जागी घटनेच्या कलम २४० खाली राष्ट्रपतींचे विनियम येतात. असाच एक, अंदमान-निकोबारसाठीचा भाडेकरू विनियम, केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर केला. तो २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या धर्तीवरचा. त्या आदर्श कायद्यात लेखी करार आहे, राहत्या घराला दोन महिन्यांहून जास्त अनामत नाही, तंट्यासाठी भाडे प्राधिकरण आहे. वाचायला फार छान वाटतं. मी या तीन वर्षांत अकरा घरमालकांशी बोलले, एकानेही त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. करार कुणी करत नाही, कारण करार केला की पोलिसांत भाडेकरूची नोंद, नोंद झाली की नोव्हेंबरात 'उठा' म्हणायला जड जातं. आमच्याकडे करार नाही म्हणून इथल्या पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून घरगुती गॅस नाही. तीन वर्षं इंडक्शनवर वरणभात चाललाय, आणि वीज गेली की तोही नाही.

दुसरी गोष्ट. २०२० साली केंद्राने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली. टाळेबंदीत चालत गेलेल्या लोकांमुळे ती सुचली. पण ती शहरांसाठी. स्वराज द्वीपवर ग्रामपंचायत आहे, म्हणून आम्ही त्यात बसत नाही. जिथे कॅपुचिनो साडेतीनशेला मिळते ते गाव कागदावर खेडं आहे. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात निवासाची तरतूद होती, पण ती ठेकेदाराने आणलेल्या मजुरांसाठी. आम्हाला ठेकेदाराने नाही, व्हॉट्सॲपने आणलं.

या तीन वर्षांत भाड्याच्या खोल्यांना आणखी एक गिऱ्हाईक आलंय. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, स्वराज द्वीपपर्यंत पोचली. त्याआधी इथे मेल उघडायला लोक चहा टाकायचे म्हणे. आता लॅपटॉपवाले येतात, महिना-महिना राहतात, नंबर तीनच्या, म्हणजे गोविंदनगरच्या, बाजारात त्यांच्यासाठी ओट मिल्क ठेवलेलं असतं. माझा त्यांच्यावर राग नाही. ती केबल आली म्हणूनच रात्री आईचा चेहरा न अडकता दिसतो. पण पावसाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या ज्या चार खोल्या आमच्या वाट्याला यायच्या, त्यातल्या दोन आता त्यांच्याकडे जातात.

आमची मागणी काय, तर हॉटेलला, रिसॉर्टला, होमस्टेला परवानगी देताना आपले अधिकारी पाहुण्यांच्या खोल्या मोजतात. त्याच अर्जावर कामाला किती माणसं लागणार आणि ती कुठे झोपणार, हे दोन रकाने घाला. किती खाटा, किती संडास, बायकांसाठी वेगळं काय. आणि ते बघायला कुणीतरी या. जानेवारीत या, जूनमध्ये नको. जूनमध्ये सगळं रिकामं आणि नीटनेटकं दिसतं. तपासणी बऱ्याचदा बोट नियमित झाल्यावर, म्हणजे सीझनच्या तोंडाशी होते, तेव्हाही सगळी माणसं आलेली नसतात.

भाडेकरू विनियमाचा माणूस महिन्यातून एकदा जेट्टीजवळ टेबल टाकून बसला तरी पुरे. करार हिंदीत आणि बंगालीत छापलेला, एका पानाचा. मासींना त्याची भीती वाटू नये, उलट त्यांनाही कळावं की करारामुळे जागा जात नाही. बंगाली माणसाने जंगल तोडून उभं केलेलं घर भाडेकरू गिळेल, ही भीती खोटी नाही. दहा जणांनी ती बोलून दाखवली आहे.

आणि नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहाची केंद्राची 'सखी निवास' योजना आहे. ती फक्त शहरांपुरती नाही. एक इमारत, तीस खाटा, गोविंदनगरच्या आसपास, बाजारातून पायी जाता येईल इतक्यावर. रात्री दहाला किचन आवरून निघालेल्या मुलीला नारळाच्या बागेतून टॉर्च मारत जावं लागू नये, एवढंच त्यामागे.

आम्हाला जमीन नको. आयलँडर कार्ड, म्हणजे बेटाच्या रहिवाशाचं ओळखपत्र, तेही मागत नाही. सरकारी बोटीत स्थानिकांना कमी भाडं आहे ते योग्यच आहे, त्यांना दवाखान्यालाही बोटीनेच जावं लागतं. बाहेरून आलेल्यांनी बेट व्यापलं, हे इथे प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतं, आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागला की मलाही ते पटतं. म्हणून हेही लिहिते, आमच्या मालकांना आवडणार नाही तरी : पाणी, वीज आणि जागा पुरत नसेल तर पाहुण्यांच्या नव्या खोल्यांना परवानगी देऊ नका. खोल्या वाढवत राहायचं आणि त्या खोल्यांतल्या चादरी बदलणाऱ्यांना गोदामात झोपवायचं, हा हिशेब जुळत नाही.

पुण्याचा या मेमध्ये परत चाललाय. त्याने गोव्यात काम बघितलंय, तिथे निदान पुण्याहून रात्रीची गाडी आहे. चिपळूणची राहणार म्हणते. मी अजून ठरवलेलं नाही. काल मासींकडे गेले होते, खोली बघायला. त्यांनी भिंतीला नवा रंग दिलाय, निळा, बुकिंगच्या फोटोत चांगला दिसतो म्हणून. किल्ली हातात देताना त्यांनीच आधी सांगून टाकलं, ३१ ऑक्टोबर.

आपण किंवा आपल्या कार्यालयातलं कुणी आलं तर नंबर तीनच्या बाजारात, मासळीच्या ओट्यांसमोर, रात्री साडेनऊनंतर या. त्याआधी आम्ही कामावर असतो.

आपली,
मूळची कराडची, सध्या विजयनगर, स्वराज द्वीप
(३१ ऑक्टोबरपर्यंत)