बिल्ला आहे, माणूस कुठला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भूमिगत कोळसा खदानींत मी तीस वर्षं काढली, शेवटची अकरा ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, म्हणून. मुलगी बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा ती चर्च आणि चॉकलेटची दुकानं दाखवायला निघाली. मी म्हटलं, मला मार्सिनेलला ने. शार्लरुआ शहराला लागूनच असलेल्या या मार्सिनेलमध्ये ब्वा द्यु काझिए ही कोळसा खदान आहे. 1967मध्ये ती कायमची बंद झाली, आता तिथे संग्रहालय आहे.

8 ऑगस्ट 1956ची सकाळ, आठ वाजून दहा मिनिटं. 975 मीटर खोलीवर डोलीत, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या पिंजऱ्यात, कोळशाचा टब चढवताना वरच्या-खालच्यांत इशाऱ्याचा घोळ झाला. टब अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि डोली सुटली. बाहेर राहिलेल्या टबाची धडक तुळईला बसली आणि तेलाचा पाइप, विजेच्या केबली, दाबाच्या हवेची लाइन, सगळं एका फटक्यात तुटलं. खदानवाल्याला यापुढचं सांगावं लागत नाही. ताजी हवा आत नेणाऱ्या चानकातच, म्हणजे खदानीत उतरायच्या उभ्या विहिरीतच, आग, म्हणजे हवेच्या वाटेनेच धूर माणसांपर्यंत. खाली 275 होते. 262 गेले, त्यांत 136 इटालियन.

तिथे मेलेल्यांचे फोटो लावले आहेत. एकापाशी मी थांबलो. गळ्यातला टाय बहुधा फोटोवाल्याचाच असावा. गाव मानोपेल्लो, इटलीचा अब्रुझो प्रांत. त्या एका गावचे वीसहून जास्त जण त्या दिवशी गेले. त्याचं नाव इथे लिहीत नाही, पण तो बेल्जियमपर्यंत कसा आला असेल ते जुळवता येतं, कारण त्या सगळ्यांची वाट एकच होती. 1946मध्ये दोन सरकारांचा करार झाला : इटलीने 50,000 माणसं द्यायची, बेल्जियमने कोळसा विकायचा. गावोगाव गुलाबी पोस्टरं लागली. त्यांवर पगार होता, सुट्ट्या होत्या, जमिनीखालच्या अंधाराबद्दल अक्षर नव्हतं. वय पस्तिसाच्या आत हवं. मिलानच्या स्टेशनाखालच्या तळघरात डॉक्टरी तपासणी, तिथून आगगाडी, आणि राहायला अनेकांना युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या बराकी. चानकात उतरायला जो नकार देई, त्याला ब्रुसेल्समधल्या पती शातो या लष्करी इमारतीत डांबून परत पाठवत. माझी मुलगी रोज त्या इमारतीवरून ऑफिसला जाते. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मात्र मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ओळख न पटलेल्यांना तेव्हा तसंच पुरलं होतं. 2021मध्ये ती थडगी उघडली, नातेवाइकांच्या डीएनएशी हाडं ताडून पाहिली, आणि काहींना पासष्टहून जास्त वर्षांनी नाव परत मिळालं.

आता आपल्याकडचं. दोन वर्षांपूर्वी गोरखपूरकडचा एक पोरगा माझ्या दारात आला. त्याचे आजोबा साठच्या दशकात आमच्या भागात छत पडून गेले. हातात फक्त पितळी बिल्ला, क्रमांक 417. कोणती खदान, तारीख कोणती, काही माहीत नाही. आमच्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या चाळीत, तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी सगळेच होते, हाक मारायची ती गावाच्या नावाने किंवा नंबराने. त्यामुळे मलाही आठवेना. पण बी फॉर्मच्या रजिस्टरात, म्हणजे खदानीतल्या कामगारांच्या नोंदवहीत, बापाचं नाव, गाव, अंगठा, सगळं लिहिलेलं असतं. ते शोधायला त्याला घेऊन मी एका बंद खदानीच्या कार्यालयात गेलो. बाबूने कपाट उघडलं तर वाळवीने खाल्लेला भुसा. बाकीची रजिस्टरं, तो म्हणाला, रद्दीत गेली. राग बाबूवर नाही; ती सांभाळायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

जिल्हाधिकारी आणि खाण कंपन्या यांना एवढंच सांगणं आहे : बंद खदानींत जी रजिस्टरं उरली आहेत ती या पावसाळ्याआधी हलवा, त्यांचे स्कॅन करून ठेवा. आणि वाचकांपैकी कुणाच्या वडिलांनी हजेरीची वही, युनियनची पावती, मजुरांचा एखादा ग्रुप फोटो जपून ठेवला असेल, तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. पोरगा बिल्ला माझ्याकडेच ठेवून गेला आहे. म्हणाला, काका, तुम्ही इथले, तुम्हालाच सापडेल.

— एक निवृत्त ओव्हरमन, चंद्रपूर