बाबांच्या प्रश्नावरून

पुणे, रविवार

प्रिय आई-बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

आई, हे पत्र बाबांसाठी आहे, पण तूच वाचून दाखव. त्यांच्या डोळ्यांना माझं अक्षर झेपणार नाही.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "माझा पश्चात्ताप पुरेसा झालाय, हे कसं कळायचं?" त्यावर मला धड बोलता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

पुरेसा म्हणजे किती, बाबा? येशूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्याचा पस्तावा काय कमी होता? तीस रुपये त्याने परत नेले, निर्दोष माणसाला धरून दिलं हे याजकांसमोर कबूल केलं आणि जाऊन गळफास घेतला. येशूला ओळखतच नाही म्हणणारा शिष्य पेत्र नुसताच बाहेर जाऊन रडला. पण पुढे तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभू उभा आहे असं कळताच त्याने होडीतून पाण्यात उडी टाकली. ज्याला तीनदा नाकारलं त्याच्याचकडे! मला विश्वास म्हणजे ती उडी वाटते. पस्तावा कितीही खोल असो, तो तारणाची किंमत होत नाही. ती क्रुसावर दिली गेली आहे.

अर्थात नुसतं 'मानतो' म्हणूनही भागत नाही. देव एक आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असं बायबलात याकोब लिहितो. आपल्यासारख्या पिढीजात ख्रिस्ती घरांना हे वाक्य थोडं टोचायला हवं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. तो मिळाला साधारण आठ वर्षांनी, त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, इथे पुण्यात आल्यावर. एवढ्या विदुषीला वेळ लागला, तर तुम्ही उशिराबद्दल कशाला खंतावता?

आई सांगते, प्रभुभोजनाच्या वेळी भाकर-द्राक्षरस घ्यायला पुढे न जाता तुम्ही हल्ली बाकावरच बसून राहता. बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र काढून बघा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं पौल म्हणतो. परीक्षा करून घरी जावं, असं नाही म्हणत. आज आमच्याकडे प्रभुभोजन होतं. रांगेत उभी असताना तुमचीच आठवण येत होती.

राहता राहिला काकांच्या शेतात सरकवलेल्या बांधाचा विषय. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, पण ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर; आधी हिशेब चुकता कर, मग येतो, असं प्रभू म्हणाला नव्हता. म्हणून बांध जरूर मागे घ्या, मोजणी करून घ्या, काकांशी बोला. फक्त त्याने स्वर्गाचं दार उघडेल म्हणून करू नका. काका कदाचित चार शब्द सुनावतील. ऐकून घ्या. मला विचाराल तर त्यांचा तो हक्कच आहे.

मी पुढच्या शनिवारी येतेय. मोजणीचा अर्ज मी भरून देईन, सातबारा तेवढा शोधून ठेवा.

तुमची,
ताई