ओवीच्या बाहुलीबद्दल, अव्यास

रत्नागिरी,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय अव्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मारुती मंदिरापाशी गाडी बाजूला घेऊन उभा होतो. मागून एसट्यांचे हॉर्न चालले होते, त्यामुळे धड बोलता आलं नाही. ओवी रात्री बाहुलीला घाबरते, "ती माझ्याकडे बघते, मधेच बोलते, तिला बाहेर ठेवा" म्हणते, आणि काकू म्हणतात की हे सगळं टीव्हीचं खूळ आहे. एवढं सांगून तू हसत विचारलंस, "तू ते बाहुलीचे सगळे पिक्चर कोळून प्यायलास, आता तूच सांग काय करू ते." तू हसलास, पण मला ते चार दिवस पुरलं. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

हे पिक्चर मी का बघतो, असं तू मला कॉलेजात असल्यापासून विचारतोस. दरवेळी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं कारण सांगायचं तर आधी तो पहिला सिनेमा सांगायला हवा. 1988 सालचा ‘चाइल्ड्स प्ले’. गोष्ट शिकागोत घडते, ऐन थंडीत. कॅरेन बार्कली नावाची विधवा बाई एका मोठ्या दुकानात दागिन्यांच्या काउंटरवर काम करते आणि एकटीने मुलाला वाढवते. मुलाचं नाव अँडी. त्याचा सहावा वाढदिवस असतो आणि त्याला टीव्हीवर दिसणारी ‘गुड गाय’ बाहुली हवी असते. बोलणारी, मान वळवणारी, अंगात डंगरी घातलेली. दुकानातली किंमत हिला परवडत नाही. मग मागच्या गल्लीत एका फेरीवाल्याकडे तीच बाहुली मिळते, घासाघीस करून 30 डॉलरला. आपल्या आयांनी नसतं केलं का हेच?

त्या बाहुलीत चार्ल्स ली रे नावाच्या खुन्याचा आत्मा शिरलेला असतो. पोलिसांची गोळी लागून मरता मरता त्यानं खेळण्यांच्या दुकानात मंत्र म्हणून तो त्यात घातलेला असतो. हे सगळं आपल्याला पहिल्या दहा मिनिटांतच कळतं. अँडीलाही लवकरच कळतं, कारण बाहुली त्याच्याशी बोलते. आणि तो ते लपवत नाही, हे लक्षात घे. तो आईला सांगतो की चकीला, म्हणजे त्या बाहुलीला, वरून बाबांनी माझ्याशी खेळायला पाठवलंय. ज्याचे बाबा वारलेत असा सहा वर्षांचा पोरगा हे सांगतो आणि मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. मग त्याला सांभाळायला आलेली मॅगी मावशी खिडकीतून खाली पडून मरते. स्वयंपाकघरात सांडलेल्या पिठात लहान बुटांचे ठसे उमटलेले असतात आणि अँडीच्या पायातही ‘गुड गाय’चेच बूट असतात. म्हणजे पुरावा कुणाकडे बोट दाखवतो? पोराकडेच. तो खरं बोलत राहतो आणि जितकं खरं बोलतो तितका अडकत जातो. शेवटी त्याला मुलांच्या मनोरुग्णालयात नेऊन ठेवतात.

आता तो सीन, ज्याच्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघितला. कॅरेन घरी एकटी आहे. मुलाला दवाखान्यात ठेवून आलीय. समोर बाहुली आहे आणि तिचा रिकामा खोका. ती खोका उचलते आणि आतून सेलचं पाकीट खाली पडतं. न वापरलेले, कंपनीनं घालून दिले तसेच. एवढे दिवस बाहुली बोलतेय आणि सेल खोक्यातच. ना संगीताचा गडगडाट, ना रक्त. बाई जमिनीवर पडलेल्या सेलकडे बघते आणि तिच्या चेहऱ्यावर दोन गोष्टी एकदम येतात. एक भीती. आणि दुसरी म्हणजे माझं पोरगं खरं बोलत होतं, ही. मग ती बाहुली पालथी करून पाठीवरचं झाकण उघडते. आत काहीच नसतं. पुढचा आरडाओरडा कुणालाही जमला असता. ते सेलचं पाकीट ज्याला सुचलं तो माणूस मला थोर वाटतो.

मूळ गोष्ट डॉन मॅन्सिनी नावाच्या मुलानं कॉलेजात शिकताना लिहिली. अमेरिकेत तेव्हा कॅबेज पॅच नावाच्या बाहुल्यांसाठी आईबाप दुकानात झोंबाझोंबी करत होते आणि मॅन्सिनीचे वडील जाहिरातींच्या धंद्यातले, त्यामुळे पोरांना वस्तू कशा गळी उतरवतात ते त्यानं जवळून पाहिलं होतं. त्याच्या पहिल्या खर्ड्यात खुनी-बिनी कुणी नव्हता. बाहुलीत खोटं रक्त भरलेलं, पोरगा स्वतःचं बोट कापून तिच्याशी रक्ताची मैत्री करतो, आणि त्याच्या मनात ज्यांच्याबद्दल राग साठलाय त्यांना ती रात्री गाठते. मला तो खर्डा जास्त आवडतो. नंतर दिग्दर्शक टॉम हॉलंड यांनी आणि इतरांनी त्यात आत्म्याचं प्रकरण आणलं. त्यासाठी हैतीच्या वूडू परंपरेतल्या दंबालाला साकडं घालणारा मंत्र वापरला. दंबाला हा तिथला नागदेव, लोकांच्या श्रद्धेतला शांत देव. त्याला खुन्याच्या कामाला जुंपलेलं मला आजही खटकतं. आपल्या नागोबाचं कुणी असं केलं असतं तर आपल्याला कसं वाटलं असतं?

बाहुली मात्र बघत राहावी अशी. केव्हिन यागर यांनी बनवलेली. एक नव्हे, अनेक बाहुल्या, एकेकीचं काम वेगळं. चेहरा दुरून रिमोटवर चालवायचा आणि तोही एकट्यानं नाही, कुणी भुवया सांभाळायचा तर कुणी ओठ. धावायचं, पडायचं असेल तिथं एड गेल नावाचा बुटका नट तोच पोशाख घालून उभा राहायचा आणि तो बाहुलीएवढा दिसावा म्हणून त्याच्याभोवतीचं सामान मुद्दाम मोठ्या मापाचं बनवलेलं. आवाज ब्रॅड डूरिफ यांचा. कॉम्प्युटरवर काढलेलं भूत कितीही बघ, रबराच्या ओठांची ती खरीखुरी हालचाल अंगावर येते तसं ते येत नाही.

हे तुला आधीच भेटलंय, फक्त दुसऱ्या नावानं. 1993 साली महेश कोठारे यांनी ही कल्पना उचलून ‘झपाटलेला’ केला. वूडूच्या जागी आपला मांत्रिक आणि ‘ओम फट् स्वाहा’, चकीच्या जागी तात्या विंचू. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, आवाज दिला दिलीप प्रभावळकर यांनी, आणि बाहुल्याच्या तावडीत सापडला लक्ष्मीकांत बेर्डे. तिथं पोराच्या जागी मोठा माणूस आहे, पण पोरासारखाच सरळ, आणि त्याचंही कुणी ऐकत नाही. लोक त्याला विनोदी सिनेमा म्हणतात. मी आठ वर्षांचा असताना पाहिला तेव्हा मला त्यात हसण्यासारखं फार थोडं दिसलं होतं.

आठवतंय ना? आपण तिसरीत होतो. वाडीतल्या मंडळानं गणपतीत व्हीसीआर भाड्यानं आणला होता आणि शाळेच्या पडवीत रात्री अकराला ‘झपाटलेला’ लावला. मी अर्धा पिक्चर तुझ्या खांद्याआडून बघितला. त्यानंतर तीन-चार दिवसांनी आमच्या मागच्या पडवीत, रचून ठेवलेल्या लाकडांतून मला आवाज आला. कुकरला शिट्टी यायच्या आधी वाफ सुटते तसा, पण लांबलचक. मी आत जाऊन सांगितलं. आजी म्हणाली, "ह्याला आता सगळीकडे तात्या विंचू दिसणार." बाबा दमून आले होते, त्यांनी वर बघितलंही नाही. आई म्हणाली, मुकाट्यानं जेव. मी पुन्हा सांगितलं, मग पुन्हा, आणि तिसऱ्या वेळी पाठीत धपाटा मिळाला. दुसऱ्या दिवशी आई त्याच लाकडांतून चुलीला फाटी काढायला जायची होती. रात्रभर मला झोप नव्हती, अव्या. सापाची भीती होतीच, पण त्याहून जास्त हे वाटत होतं की मला माहीत आहे आणि मी काहीच करू शकत नाही.

सकाळी उजाडता उजाडता मी तुझ्याकडे आलो. तुला सगळं सांगितलं. तू "खरंच?" असं विचारलं नाहीस. आत जाऊन भाऊंची तीन सेलची बॅटरी घेऊन आलास आणि म्हणालास, "कुठं? दाखव." दोघं पडवीच्या कोपऱ्यात उकिडवे बसलो. तू बॅटरी दोन्ही हातांनी धरली होतीस. लाकडांच्या फटीत आधी नुसता अंधार, मग सालीसारखं काहीतरी, मग त्या सालीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके, आणि ती साल श्वास घेत होती. घोणस. तू बॅटरी तशीच धरून ठेवलीस आणि मान न वळवता भाऊंना हाक मारलीस. पुढचं सगळं मोठ्यांनी केलं. आईनं त्या दिवशी मला जवळ घेतलं, पण काही बोलली नाही.

इंग्रजी सिनेमा मी बऱ्याच वर्षांनी पाहिला, पुण्यात, हॉस्टेलवर. सेल खाली पडले आणि मला आमची पडवी दिसली. त्यानंतर मी एकही भाग सोडला नाही.

सगळे भाग सारखे नाहीत. 1990 चा दुसरा मला फार लागतो, कारण त्यात आईचं काय झालं ते कळतं. तिनं मुलाची बाजू घेतली, बाहुली खरंच जिवंत होती असं सांगत राहिली, म्हणून तिलाच वेड्यांच्या इस्पितळात टाकलंय आणि अँडी परक्यांच्या घरी वाढतोय. एका वाक्यात सांगून टाकतात, पण ते वाक्य मी विसरू शकत नाही. तिसरा लष्करी शाळेतला, घाईत काढलेला. 1993 मध्ये ब्रिटनमध्ये दोन लहान मुलांनी एका चिमुरड्याचा जीव घेतला तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी खापर या तिसऱ्या भागावर फोडलं. त्या मुलांनी तो पाहिला होता याचा पुरावा पोलिसांना मिळाला नाही. 1998 मध्ये चकीची बायको टिफनी आली, जेनिफर टिली यांच्या रूपात, आणि मालिका हसण्याकडे वळली. 2004 चा भाग मी एकदाच पाहिला, पुन्हा बघणार नाही. 2019 मध्ये दुसऱ्या लोकांनी नव्यानं काढला. त्यात आत्मा नाहीच. कारखान्यात छळलेला एक कामगार यंत्रबाहुलीचे सगळे लगाम काढून टाकतो. सुरुवात जबरदस्त होती, पुढं ती पेलली नाही.

पण 2013 च्या भागात, सगळी नावं पडद्यावरून सरकून गेल्यावर, एक छोटा प्रसंग आहे. एका घरी पार्सल येतं. ते घेणारा तिशीतला माणूस म्हणजे अँडी. नुसतं पात्र नाही, नटही तोच, ॲलेक्स व्हिन्सेंट, ज्यानं सहा-सात वर्षांचा असताना पहिल्या सिनेमात काम केलं होतं. तो पाठमोरा फोनवर बोलतोय, मागं खोक्यातून सुरी बाहेर येतेय, आणि चकी बाहेर पडतो तेव्हा हा बंदूक रोखून तयार उभा. पंचवीस वर्षं तो वाट बघत होता. मी तेव्हा एकटाच लॅपटॉपसमोर होतो. टाळी वाजवली आणि मग रडू आलं. नंतर 2021 पासून तीन वर्षं टीव्हीवर मालिका चालली, त्यातही तो आहे. त्या मालिकेत जेक नावाचा एक पोरका पोरगा आहे. त्याला मुलगे आवडतात, म्हणून घरात-शाळेत त्याची कोंडी झालेली. त्याचं पहिल्यांदा कोण ऐकून घेतं माहीत आहे? चकी. खुनी बाहुला. बाकी कुणी ऐकायलाच बसलं नाही, म्हणून त्या पोराला तो जवळचा वाटतो. मॅन्सिनी इतकी वर्षं हेच लिहीत आला असं मला वाटतं.

तर आता ओवीचं. तिला यातलं काहीही दाखवू नकोस, ‘झपाटलेला’सुद्धा इतक्यात नको. पण बाहुली बोलत नाही असंही तिला सांगू नकोस. बोलत असेल. अशा खेळण्यांचे सेल उतरायला लागले की ती मधेच आपोआप वाजतात, आमच्या शेजारच्या पोराचा खेळण्यातला कुत्रा रात्री दोनला भुंकायचा. उद्या संध्याकाळी ऑफिसातून आलास की हातपाय धू, आणि तिला विचार, "कुठं? दाखव." तिच्यासमोर बाहुली पालथी कर. पाठीवरच्या झाकणाला बारीक स्क्रू असेल, छोटा स्क्रू ड्रायव्हर लागेल, तो तिलाच धरायला दे. सेल काढ आणि तिच्या हातावर ठेव. मग बाहुली रात्री कुठं ठेवायची ते तिला ठरवू दे. माळ्यावर म्हणाली तर माळ्यावर. काकूंना मी फोन करून सांगतो, माझं त्या ऐकतात.

आणि सेल आत नसलेच तर मला लगेच फोन कर, कितीही वाजलेले असू देत. मी रात्रीची गाडी पकडून येतो.

काकूंना नमस्कार. ओवीला सांग, मिलिंदकाकाचा तिच्यावर विश्वास आहे.

तुझा,
मिल्या